रिकाम्या रकान्याला काय म्हणायचं

३ फेब्रुवारी, मंगळवार

"या बाई पदवीधर उंचीच्या असून त्यांचं शिक्षण पाच फूट दोन इंच आहे."

आमच्या यंत्राने आज जुळवलेलं पहिलंवहिलं वाक्य! कुठेतरी एक रकाना सरकला आणि पुढची सगळी माहिती एकेक घर पुढे गेली. एका गृहस्थांचा रक्तगट 'बँकेत नोकरी' असा निघाला. एक बाई 'घटस्फोटित' अगदी आवडीने खातात म्हणे. आमच्या मंडळाच्या मॅडम हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी होत्या. रकाना मात्र गंभीर. "डेटा स्वच्छ आहे ताई, फक्त एका जागी स्वल्पविराम जास्तीचा पडलाय." मी त्याला मनातल्या मनात रकाना म्हणते. कंपनीकडून तो हे यंत्र बसवून द्यायला आलाय, दर मंगळवारी येतो, आणि जगात जे जे म्हणून आहे ते कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसतंच अशी त्याची श्रद्धा आहे. तीन मुलांचा बाप असून!

काम तसं मजेचं आहे. आमच्या मंडळात दुसऱ्या लग्नासाठी नावं नोंदवतात, त्या सगळ्यांचा एक लांबलचक तक्ता. एक माणूस म्हणजे एक आडवी ओळ. वय, उंची, शिक्षण, काम, आधीचं लग्न, मुलं, खाणं, सवयी, अपेक्षा. पण आता लोकांना तक्ता चाळायचा नाहीये, त्यांना विचारायचंय. फोनमध्ये बोलून, आपण शेजारणीला विचारतो तसं. आणि यंत्र प्रश्न ताडून बघतं ते वाक्यांशी, आकड्यांशी त्याला जमत नाही. म्हणून प्रत्येक ओळीची वाक्यं करायची. ती ज्यात ओतायची ते साचे लिहायचे मी. आजवर मंडळाची पत्रं टाइप केली, आता साचे पाडते! बढतीच म्हणायची.

संध्याकाळी सासूबाईंना ते वाक्य वाचून दाखवलं. ठसका लागला त्यांना. "म्हणजे माझं शिक्षण चार फूट अकरा! आणि मी आपली अडुसष्ट वर्षं सगळ्यांना सातवी सांगत बसले." मग यंत्र बघायचंच म्हणाल्या. त्यांच्या फोनवर उघडून दिलं, कुठे दाबून बोलायचं तेही दाखवलं. दोन मिनिटांत कंटाळल्या. "त्याला दुपारची सुट्टी असते का गं?" नसते म्हटलं. "अरेरे," म्हणाल्या आणि फोन उशाखाली ठेवून दिला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सासूबाईंचा रेडिओ. मोठ्याने. चौथ्या घरापर्यंत ऐकू जाईल असा. एक दिवस मी तो बादलीत बुडवणार आहे!

७ फेब्रुवारी, शनिवार

नणंदेचा फोन. तिच्या नव्या घरात आईसाठी खोली तयार आहे. खिडकी बागेच्या बाजूला, न्हाणीघर खोलीला लागून, जिने नाहीत. फोन फिरवून फिरवून सगळं दाखवलं. पडद्यांचा रंग आईच्या आवडीचा निळा. नणंद चांगली आहे, हीच तर पंचाईत आहे. वाईट असती तर मला भांडता आलं असतं.

"आई, ये आता. वहिनी तरी किती करेल?"

मी स्वयंपाकघरात होते. हात थांबला. सासूबाई काय बोलतात म्हणून कान देऊन ऐकलं. पडदे छान आहेत एवढंच म्हणाल्या.

म्हणजे जाणार. नसतं जायचं तर नाही म्हणाल्या असत्या. नाही म्हणायला त्या कधी कचरल्यात? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या होत्या, "तुझा चहा मला नाही आवडला, उद्यापासून मी करते." तेव्हा रडले होते. आजतागायत सकाळचा चहा त्याच करतात, आणि मी आयता पिते.

माझा नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. त्याच्यामागे आम्ही दोघी एका घरात राहिलो, कारण कोणी कुठे जायचं हे कोणी काढलंच नाही. मग सवय झाली. मग सवयीपेक्षा जास्त काहीतरी झालं. मी चौतीस वर्षांची बाई, ऑफिस सुटल्यावर घरी पळते ती एका म्हाताऱ्या बाईला दिवसभरातल्या गंमती सांगायला. लोकांच्या मैत्रिणी असतात, मला सासू आहे. हसा!

१० फेब्रुवारी, मंगळवार

यंत्र गेल्या आठवड्यापासून लोकांसाठी खुलं केलंय. रकान्याने आज आठवडाभरात आलेल्या प्रश्नांची यादी दिली. कोणी विचारलं ते दिसत नाही, नाव-नंबर काही नाही. फक्त एका फोनवरचे प्रश्न एकाखाली एक येतात. यंत्र कुठे अडखळतं ते बघून मी साचे दुरुस्त करायचे.

आम्ही तक्त्यात पंचवीस रकाने केलेत. उंची आहे, पगार आहे, चष्म्याचा नंबरसुद्धा आहे. आणि लोक काय विचारतात?

"स्वतःचा कप स्वतः धुणारा आहे का?"

"चिडल्यावर दार आपटतात की गप्प बसतात?"

"मांजरं तीन आहेत. चालतील का? नाही चालली तरी मांजरं राहणार."

उंचीबद्दल एकाचाही प्रश्न नाही. मॅडमना दाखवलं. मॅडमचं स्वतःचं लग्न दोनदा मोडलंय, म्हणूनच आपल्याला या धंद्यातलं कळतं असं त्या सांगतात. म्हणाल्या, "मला त्या वेळी कोणी कपाचा प्रश्न सुचवला असता तर दोन्ही वेळा वाचले असते."

एक फोन सगळ्यांत गोड. दर प्रश्न "नमस्कार यंत्रा" पासून सुरू आणि शेवटी "जेवलास का?"

"नमस्कार यंत्रा. घोरणारं नको. शांत माणूस आहे का कोणी? जेवलास का?"

यंत्र बिचारं 'जेवलास' या शब्दाला अडकलं आणि त्याने खाण्याच्या रकान्यातून माणसं उपसून समोर ठेवली. एकवीस शाकाहारी, नऊ मिश्राहारी. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "नमस्कार यंत्रा. काल समजलं नसेल. सकाळी रेडिओ मोठ्याने लागलेला चालेल असं कोणी आहे का? जेवलास का?" आणखी एक रेडिओवाला! एकटा राहणारा कोणी म्हातारा असणार. मी त्यांचं नाव जेवलास-काका ठेवलंय.

रकान्याला सांगितलं, यासाठी एक वेगळं उत्तर घालायचं. कोणी जेवलास का विचारलं की "हो, जेवलो. तुम्ही?" तो म्हणाला, "ताई, ते खोटं आहे." मी म्हटलं, आपण सगळे काय रोज खरं बोलतो का? घालून घेतलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जेवलास-काकांचं यंत्राला उत्तर आलंय. "आम्हीपण जेवलो."

दिवसभर बरं वाटत होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक प्रकार! दुपारी जिन्यावर धाडधाड पावलं. आमचं ऑफिस ड्रायक्लीनरच्या दुकानावर, जिना लोखंडी, त्यामुळे रागावलेला माणूस वर यायच्या आधीच कळतो. दारात एक उंच गृहस्थ, खांद्यावर हत्यारांची पिशवी, हातात फोन. फोन वाजत होता, आणि ते तो बंद करत होते, आणि तो पुन्हा वाजत होता.

"काय लिहिलंयत तुम्ही माझ्याबद्दल?"

बसवलं, पाणी दिलं. कुलुपं दुरुस्त करायचं काम करतात. किल्ली हरवली, दार अडकलं की लोक यांना बोलावतात. बायको आजारपणात गेली. महिन्याभरापूर्वी बहिणीने बळेबळे नाव नोंदवायला लावलं. मी त्यांची ओळ काढली. सगळे रकाने भरलेले, शेवटचा 'अपेक्षा' तेवढा रिकामा. आणि त्यावरून यंत्राने वाक्य केलं होतं —

"यांची कसलीही अपेक्षा नाही."

झालं! आठवड्यात जिने जिने 'फार अपेक्षा नसलेला माणूस आहे का' म्हणून विचारलं, तिला तिला यंत्राने यांचंच नाव पुढे केलं. गावभरच्या बायका यांच्या फोनवर. एका बाईंनी तर भेटण्याआधीच आपल्या दोन पेट्या कुठे ठेवायच्या ते विचारलं.

"अहो, मला अपेक्षा आहेत!" कुलूपवाले म्हणाले.

"मग लिहिल्या का नाहीत?"

"एवढ्याशा चौकटीत मावत नव्हत्या."

मॅडम तोंडावर फाइल धरून हसत होत्या. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. माणूस गप्प बसला, आणि आम्ही त्याच्या गप्प बसण्याचं परस्पर 'नाही' करून गावभर वाटलं. हे माझ्याच साच्याचं काम. माफी मागितली. ते एकदम नरमले. जाताना आमच्या दाराचं कुलूप दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "यात तेल घाला हो, फार कष्ट होतायत त्याला."

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं, नाव न सांगता. दोन पेट्यांपाशी त्या हसल्या. मग म्हणाल्या, "आपलं मागचं दार दाखवायचं होतंस त्यांना." मागचं दार अडकतं. खांदा लावून उघडायची एक युक्ती होती, ती नवऱ्याला जमायची. आम्हा दोघींना जमत नाही, म्हणून ते बंदच असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

रकान्याशी भांडण. खरंखुरं, चहा गार होईपर्यंत!

त्याचं म्हणणं, रिकामी चौकट म्हणजे शून्य. शून्य म्हणजे नाही. यंत्राने काहीतरी उत्तर द्यायला हवं, लोक उत्तरासाठी येतात. माझं म्हणणं, रिकामी चौकट म्हणजे रिकामी चौकट. कंटाळा आला असेल, लाज वाटली असेल, चौकट लहान असेल. कदाचित त्या दिवशी विचारणारा माणूसच नीट नसेल. त्यावरून आपण आपल्या मनाने कसं काय ठरवायचं?

"मग तिथे काय म्हणायचं ताई?"

मी तिथल्या तिथे लिहून दिलं. "याबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही. म्हणजे नाही असं नव्हे. विचारून पाहावं लागेल."

तो म्हणाला, एका रिकाम्या चौकटीला तीन वाक्यं! मी म्हटलं, भरलेल्या चौकटीपेक्षा रिकाम्या चौकटीतच माणूस जास्त असतो. मॅडम म्हणाल्या, मला कुलूपवाले पुन्हा जिन्यावर नकोत, हिचं वाक्य घाल. घातलं. आता ज्याचं उत्तर तक्त्यात नाही अशा कुठल्याही प्रश्नाला यंत्र हेच म्हणेल. रकान्याने निघताना हळूच विचारलं, "ताई, घरी बायको गप्प असली की... म्हणजे तिथेही हेच धरायचं का?" मला त्याची एकदम दया आली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

साच्यांच्या पलीकडचं काम सुरू केलंय. ज्यांचे रकाने रिकामे, त्यांना बोलावून नीट विचारायचं आणि त्यांच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं घालायचं. पहिले कुलूपवालेच. आज न धावता जिना चढले. तेलाची बाटली घेऊनच आले होते! आधी दाराच्या कुलपात तेल घातलं, मग बसले.

अपेक्षा काय, म्हटलं. बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिले. मी रकान्यासारखी घाई केली नाही.

"मी दिवसभर लोकांची दारं बाहेरून उघडत असतो. माझं दार कोणीतरी आतून उघडावं. बस्स."

मी लिहून घेतलं. मग ते म्हणाले हात धुवायच्या आधी प्रश्न विचारू नयेत, मग म्हणाले नाही, विचारले तरी चालतील. अजून बरंच सांगितलं. पिवळ्या दिव्यापेक्षा पांढरा दिवा आवडतो हेसुद्धा. खरंच, चौकटीत मावलं नसतं.

सासूबाईंना ते दाराचं वाक्य सांगितलं. भाजी निवडत होत्या. हात थांबला. "वय काय म्हणालीस त्यांचं?" म्हटलं, आई, एक्केचाळीस, तुम्हाला लहान पडतील. त्यांनी मला भाजीचं देठ फेकून मारलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

नणंदेने तिकीट पाठवलं. सोळा मार्च.

सासूबाईंनी मला फोन पुढे केला. "बघ गं, बरोबर आहे का." बघितलं. बरोबर होतं. बरोबर आहे म्हटलं. आवाज अगदी रेल्वेच्या चौकशी खिडकीसारखा. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी उठून कपडे काढायला गच्चीत गेले. ते अजून ओले होते. तसेच घडी घातले.

मी कोण थांबवणारी? पोटची मुलगी बोलावतेय. मी कोणाची कोण? ज्याच्यामुळे नातं, तो नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जेवलास-काका आता जोरात आहेत. आधी, "आतून दार उघडायला हवं म्हणणारा तो माणूस अजून आहे का? की गेला कोणाकडे?" माझं वाक्य कोणापर्यंत तरी पोहोचलं म्हणून मी उडालेच! यंत्राने बरोब्बर कुलूपवाल्यांची ओळ काढून दिली, आहेत म्हणून सांगितलं. मग, "त्यांना भांडखोर पण मनाची चांगली बायको चालेल का?" यंत्र म्हणालं, सांगितलेलं नाही, विचारून पाहावं लागेल. काका बहुतेक लेकीसाठी बघतायत. भांडखोर पण मनाची चांगली! बापाने असं म्हणायला नशीब लागतं.

आणि आजची कमाल: "माणूस एकटं राहिलं की घर खायला उठतं. त्यावर काय?" यंत्राने उत्तर दिलं, "घरचं खाणाऱ्या बेचाळीस व्यक्ती नोंदलेल्या आहेत."

रकाना मान खाली घालून बसला होता. हसता हसता मला रडू यायला लागलं म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली ड्रायक्लीनरची वाफ वर येत होती, तिचं कारण सांगता आलं.

१ मार्च, रविवार

बॅग माळ्यावरून काढली. मीच काढली, स्टुलावर चढून. त्या खाली स्टूल धरून. "पडशील." "नाही पडत." "पडशील गं." असलंच बोलणं चाललंय आमचं, बाकी काही नाही. चेन तुटली होती, ती मी शिवली. जाणाऱ्याच्या बॅगेची चेन शिवताना सुई बोटात गेली, बरं झालं, डोळ्यांत पाणी यायला निमित्त मिळालं.

त्या एकेक वस्तू काढून मला देतायत. ही शाल तू ठेव. हे कातरीचं डबडं तू ठेव. शेवटी रेडिओ उचलला, फडक्याने पुसला, आणि म्हणाल्या, "हाही राहू दे. तिच्याकडे भिंती पातळ आहेत."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

मला त्यांनी जायला नको आहे. लिहिलं एकदाचं! मला सकाळचा तो भसाडा रेडिओ हवाय, आयता चहा हवाय, मी कितीही उशिरा आले तरी "आलीस?" असं आतून विचारणारा आवाज हवाय. हे सगळं तोंडावर म्हणायला मला काय होतं कोण जाणे. त्यांनी स्वतःहून म्हणावं, मी जात नाही म्हणून. पण त्या काही म्हणत नाहीत. म्हणजे त्यांना जायचंच आहे. आणि का नसावं? निळे पडदे, नातवंडं, पोटची मुलगी. इथे काय, मी आणि एक अडकलेलं दार.

३ मार्च, मंगळवार

कुलूपवाले आले होते. काही काम नव्हतं. कुलपाला तेल पुरलं का ते बघायला आलो म्हणाले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी तक्त्याकडे बघितलं.

८ मार्च, रविवार

भांडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धड भांडलो असू.

त्या सकाळपासून शिकवत होत्या. गॅसची शेगडी कशी पेटवायची, पाण्याची टाकी कुठल्या वारी साफ करायची, दूधवाल्याला दोनदा का सांगावं लागतं. "मी नसले की..." "मी नसले की..." दर वाक्याला तेच. माझं डोकं फिरलं.

"येतं मला सगळं! लहान नाहीये मी!"

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुला सगळंच येतं. तुला कोणाचीच गरज नाही."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी परतवला असता. त्यांनी ते खरं धरून म्हटलं, आणि खोलीत गेल्या. मी दारापर्यंत गेले. आतून फोनशी पुटपुटण्याचा आवाज येत होता, नणंदेशी बोलत असाव्यात. परत फिरले.

संध्याकाळी चहा त्यांनीच केला. एक कप माझ्यापुढे ठेवला, बशीत दोन बिस्किटं. दोघी खिडकीत बसून प्यायलो. रस्त्यावर कोणीतरी नवीन सायकल शिकत होतं आणि सारखं एकाच खांबावर जाऊन आदळत होतं. आम्हाला दोघींनाही हसू आलं, पण एकमेकींकडे न बघता हसलो.

१२ मार्च, गुरुवार

बॅग दारापाशी आली.

१४ मार्च, शनिवार

अर्धा दिवस ऑफिस. रकान्याने आठवड्याचे प्रश्न पाठवले होते, ते बघायला घरी आणले. जेवलास-काकांचा एकच आहे, गेल्या रविवारचा. जसाच्या तसा उतरवते.

"नमस्कार यंत्रा. घरात दोन बायका आहेत. एक चौतीस, एक अडुसष्ट. चौतीसवालीचं लग्न करून द्यायचं आहे. अडुसष्टवालीला मुलीकडून बोलावणं आहे, तिकीटही आलं आहे. पण जीव इथे आहे. सून एकदाही राहा म्हणत नाही. तिला नकोच असेल का? दोघींना मिळून घेणारं कोणी आहे का? कुलुपं उघडणारा असेल तर बरं, आमचं मागचं दार अडकतं. जेवलास का?"

खाली यंत्राचं उत्तर. माझंच.

"याबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही. म्हणजे नाही असं नव्हे. विचारून पाहावं लागेल."

आत रेडिओ लागलाय. मोठ्याने. वही इथेच ठेवते, आधी आत जाऊन 'राहा' म्हणून येते.